जुन्या एसयूव्हीचे कंपनीचे स्पीकर बदलायचेत? आधी दरवाजा उघडून बघा

गाडीतले स्पीकर एकदम मरत नाहीत, हळूहळू जातात, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. आधी बेस कमी होतो, मग आपण स्टिरिओवर बेस दोन पॉइंट वाढवतो, मग एका दारातून फर्रर्र असा आवाज यायला लागतो की आपण बॅलन्स दुसऱ्या बाजूला सरकवतो, आणि मग एक दिवस मागे बसलेलं कुणीतरी विचारतं, हे गाणं असंच आहे का. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं. पॅनल काढून बघितलं तर कोनच्या (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा शंकू) कडेची फोमची रिंग बोट लावताच भुगा होऊन हातात आली. ही रिंग कोनाला मधोमध धरून ठेवते आणि पुढे-मागे हलू देते, पण दारातला ओलावा आणि ऊन खाऊन खाऊन फोम कुजतो. मग कोन वाकडा हलतो, आत कॉइल (तारेचं वेटोळं) मॅग्नेटला घासते आणि तो फर्रर्र ऐकू येतो. इक्वलायझरने हे बरं होत नाही.

चारही दारं स्वतः केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, लोक सगळा खर्च स्पीकरवर करतात आणि दाराकडे बघत नाहीत. घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो ना, गाडीत तो डबा म्हणजे दार. कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते, म्हणजे मागचा आवाज बरोबर उलटा. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असतात, त्यातून हा उलटा आवाज पुढे येतो आणि पुढच्या बेसला खाऊन टाकतो. तुम्ही कितीही भारी स्पीकर टाका, भोकं उघडी असली तर बेस पातळच राहणार.

घ्यायच्या आधी मापं

पहिलं माप गोलाचं. पुढच्या दारांत बहुतेक वेळा ६.५ इंची असतात, मागे ५.२५ किंवा तेच, आणि काही गाड्यांत अंडाकृती ६ बाय ९ किंवा ६ बाय ८. दुसरं माप खोलीचं, जे लोक विसरतात. स्पीकर बसतो त्या पत्र्यापासून आत काचेपर्यंत किती जागा आहे ते मोजायचं आणि ते काच पूर्ण खाली करून मोजायचं. मी पहिल्या दाराला काच वर असताना मोजलं, सगळं छान बसलं, पॅनल लावलं, काच खाली केली आणि अर्ध्यात टक्क करून मॅग्नेटवर अडली. सगळं परत उघडायला लागलं.

तिसरं ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. बाजारातले बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात, पण काही कंपनी फिटेड सिस्टिममध्ये, विशेषतः जिथे सीटखाली किंवा मागच्या बाजूला वेगळा अँप्लिफायर दिलेला असतो, तिथे २ ओहमचे किंवा त्याहून कमीचे सापडतात. जुन्या स्पीकरची वायर काढून मल्टिमीटर लावा, ४ ओहमवाला साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. कंपनीचा २ ओहमचा अँप तसाच ठेवून ४ ओहमचे लावलेत तर जळत काही नाही, फक्त आवाज कमी येतो. उलटं मात्र करू नका, ४ ओहमसाठी बनवलेल्या स्टिरिओला २ ओहमचे जोडले तर तो तापतो आणि बंद पडतो.

आता वॉट. स्टिरिओच्या खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं आणि आपण त्याला भुलतो. साधं गणित आहे, गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४, स्पीकर ४ ओहमचा, यात स्वच्छ आवाज एका चॅनलला २५-२६ वॉटच्या वर निघूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात १८-२० च धरा. म्हणून अँप टाकणार नसाल तर १०० वॉट आरएमएसचा (सतत झेपणारी पॉवर) दणकट स्पीकर घेण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा आकडा बघा. ८८ डेसिबलवाल्याच्या तुलनेत ९१ डेसिबलवाला निम्म्या पॉवरवर तेवढाच मोठा वाजतो. स्टिरिओवरच चालवायचं असेल तर ९० च्या वरचा घ्या, बॉक्सवरचा पीक पॉवरचा आकडा वाचूच नका.

कोअॅक्सियल की कंपोनंट हा प्रश्न सगळे विचारतात. कोअॅक्सियलमध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कोनच्या मधोमध असतो, लावायला सोपा. कंपोनंटमध्ये तो वेगळा असतो, सोबत क्रॉसओव्हर येतो, तो जाड आणि बारीक आवाज वेगळे करून आपापल्या स्पीकरकडे पाठवतो. दारातला स्पीकर असतो पायाशी, आणि बारीक आवाज सरळ रेषेत जातात, म्हणजे झांजा तुमच्या गुडघ्याला ऐकू येतात. म्हणून पुढे कंपोनंट आणि ट्वीटर वर, आरशाच्या मागच्या त्रिकोणी पट्टीत किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. समोरच्या काचेच्या खांबात एअरबॅग असेल तर तिथे भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. मागच्या दारांत साधे कोअॅक्सियल पुरतात, खरं सांगायचं तर मागचे राहिले तरी चालतं, तुम्ही पुढेच बसता.

दार उघडणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा नंबरच्या पान्याने काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, कारण काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो. जुन्या स्टिरिओला बॅटरी काढली की कोड मागायची सवय असते, तर तो कोड हातात आहे ना ते आधी बघा, नाहीतर नवीन स्पीकर आणि मुका टेप असं व्हायचं. आणि काच खालीच हवी असेल तर बॅटरी काढायच्या आधी खाली करा, पॉवर विंडो असेल तर नंतर ती हलणार नाही.

पॅनलचे स्क्रू लपवलेले असतात. आतल्या हँडलच्या मागे एक छोटं झाकण, आर्मरेस्टच्या खाचेत एक, खालच्या कडेला दोन-तीन, कधी रिफ्लेक्टरच्या मागेही. हाताने फिरवायची काच असेल तर त्या हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते, एक जुनं फडकं हँडल आणि पॅनलच्या मधे घालून बूट पुसल्यासारखं मागे-पुढे ओढा, क्लिप उडते. उडते म्हणजे खरंच उडते, कुठे पडली ते बघून ठेवा.

स्क्रू सगळे निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घाला आणि क्लिपच्या अगदी जवळ जोर लावा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडतो आणि पॅनलला खड्डा पडतो. जुनं प्लास्टिक थंडीत कडक होतं, तर गाडी थोडी उन्हात उभी करून मग सुरुवात करा, तरी दोन-चार क्लिपा तुटणारच, त्या आधीच जास्तीच्या आणून ठेवा. क्लिपा सुटल्या की पॅनल बाहेर न ओढता वर उचला, कारण वरची कड काचेच्या पट्टीत अडकवलेली असते. लगेच हिसका देऊ नका, मागे हँडलची केबल आणि स्विचचे प्लग लटकत असतात. फोटो काढत जा, मी नाही काढले आणि एक प्लग कुठला ते शोधण्यात तासभर गेला.

आत एक प्लास्टिकचा पडदा दिसेल, काळ्या चिकट बुटाइल रबराने चिकटवलेला. हा फाडून फेकायचा नाही. काचेवरून पावसाचं पाणी दारातच उतरतं आणि खालच्या छिद्रांतून बाहेर जातं, हा पडदा ते पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. फाटला तर काही दिवसांनी पायाखालचा गालिचा ओला आणि वासट होतो आणि कारण सापडत नाही. हळूहळू सोलून कडेला करून ठेवा.

जुना स्पीकर स्क्रूवर असेल तर काम दोन मिनिटांचं, पण पुष्कळ गाड्यांत तो रिव्हेटने ठोकलेला असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने काढायचं. यात लोखंडाचा बारीक चुरा पडतो, आणि नवीन स्पीकरचं मॅग्नेट तो चुरा खेचून घेतं, म्हणून ड्रिलिंग चालू असताना नवीन स्पीकर खोक्यातच राहू दे, आणि नंतर दार व्हॅक्यूमने साफ करा. उघड्या पडलेल्या कडांना थोडा रंग लावा, गंज तिथूनच सुरू होतो.

दाराला डबा बनवणे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. आतली धूळ पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा साफ करा, तेलकट पत्र्यावर शीट चिकटत नाही. मग बुटाइलची डॅम्पिंग शीट घ्या, ॲल्युमिनियमचा थर असलेली. स्वस्तात डांबरी शीट मिळते, ती उन्हात वितळून वास मारते आणि सुटून खाली पडते, तिच्या नादाला लागू नका. बाहेरच्या पत्र्यावर आतून हात घालून तुकडे चिकटवा, पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, पाव भाग झाकला तरी पत्र्याचा टणटण आवाज बराच मरतो. रोलरने दाबून शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत घासा, नुसतं ठेवून उपयोग नाही. नक्की समजायला बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोका, आधी टिन वाजायचा, आता ठप्प वाजेल.

मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं. त्यांच्यावर शीटचे तुकडे ताणून लावा, मोठ्या भोकाला मागून पातळ ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची पट्टी द्या म्हणजे शीट आत ओढली जाणार नाही. लॉकची सळई, काचेची वायर हे मोकळं हलायला हवं, आणि खालची पाणी जाण्याची छिद्रं उघडी राहिली पाहिजेत, ही बुजवलीत तर दार आतून सडेल. खुळखुळणाऱ्या सळया आणि सुट्या वायरींना कापडी टेप गुंडाळा.

स्पीकर थेट पत्र्यावर न बसवता मधे रिंग घालायची. प्लास्टिकची तयार मिळाली तर उत्तम. एमडीएफची स्वतः कापलीत तर तिला दोन-तीन हात रंग किंवा वॉर्निश द्या, कारण एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. रिंगच्या दोन्ही बाजूंना फोमची पातळ पट्टी, आणि स्पीकरच्या पुढे पॅनलपर्यंत फोमचं कडं, म्हणजे आवाज जाळीतूनच बाहेर येतो, पॅनलच्या मागे भटकत नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करा, एकच पूर्ण आवळलात तर फ्रेम वाकते.

वायर आणि पोलॅरिटी

कंपनीचा प्लग कापण्याआधी तुमच्या गाडीचा अडॅप्टर प्लग मिळतो का बघा, मिळाला तर काम झालं. नसेल तर क्रिंप करा (जोड धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबा) किंवा सोल्डर मारून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती पीळ मारून चिकटपट्टी लावलेला जोड उन्हात सुटतो आणि वायरी एकमेकींना लागतात. आणखी एक, स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे गाडीची अर्थ नव्हे. हल्लीच्या स्टिरिओत दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, निगेटिव्ह बॉडीला जोडलीत तर स्टिरिओचा आउटपुट उडू शकतो.

पोलॅरिटी चुकली, म्हणजे प्लस-मायनस उलटे जोडले, तर वाजतं सगळं, पण बेस गायब होतो, कारण एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे. माझ्याकडून डाव्या दारात हेच झालं आणि मी दोन दिवस स्पीकरलाच शिव्या घातल्या. सोपी तपासणी, घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल घ्या, प्लस प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर बरोबर. जुना स्पीकर काढायच्या आधी त्याच्या प्लगपाशी हेच करून कुठली वायर प्लस ते लिहून ठेवा, गाडीच्या वायरींच्या रंगांवर विसंबू नका. ट्वीटरवर मात्र हे करू नका.

एका दाराचा आवाज अधूनमधून जात असेल तर दार आणि खांब यांच्या मधलं रबरी नळकांडं बघा. हजारो वेळा दार उघडबंद होऊन आतली वायर तिथे तुटलेली असते, नवीन स्पीकरने ते सुटणार नाही.

पॅनल लावायच्या आधीच वाजवून बघा, बॅटरी जोडा, बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) एकेका कोपऱ्यात नेऊन चारही तपासा, काच पूर्ण वर-खाली करा, लॉक चालवा. मग स्टिरिओच्या सेटिंगमध्ये हाय पास फिल्टर शोधा आणि ८० हर्ट्झला ठेवा. याने अगदी खालचा बेस दाराच्या स्पीकरकडे जात नाही, कोन कमी धडपडतो आणि आवाज वाढवला तरी फाटत नाही. तो खालचा बेस हवाच असेल तर सीटखालचा सबवूफर नंतर बघता येईल, त्याच्या अँपची वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. लाउडनेस आणि बेस बूस्ट दोन्ही बंद करून ऐकायला सुरुवात करा, आधी सगळं जुन्या स्पीकरसाठी वाढवून ठेवलेलं असतं.

पॅनल वरून अडकवा, खाली दाबत या, प्रत्येक क्लिपचा टक्क ऐकू आला पाहिजे. मग खडबडीत रस्त्यावर एक चक्कर मारा आणि भरपूर बेसवालं एखादं गाणं लावून शेजारी बसलेल्याला पॅनलवर तळवा ठेवायला सांगा, जिथे दाबल्यावर खुळखुळ थांबते तिथे क्लिप बसलेली नाही. उरलेल्या क्लिपा डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा, मागची दारं करायला घ्याल तेव्हा लागतील.