एक अंतराल दुसऱ्याच्या पोटात असेल, तर लहान कोणते?

अंतराल म्हणजे खालचे आणि वरचे टोक देऊन सांगितलेला पल्ला. पुण्यात कात्रजहून हिंजवडीला बायपासने ४५ ते ७५ मिनिटे आणि स्वारगेट-औंधमार्गे ५० ते ६६ मिनिटे लागतात, असे उदाहरणापुरते धरू. अ = [४५, ७५], ब = [५०, ६६]. कमी वेळाचा रस्ता कोणता?

आधी टोके ताडून पाहा. एकाची दोन्ही टोके दुसऱ्याच्या त्या त्या टोकांहून मोठी नसतील, तर प्रश्न तिथेच मिटतो. इथे ब पूर्ण अ च्या पोटात आहे, म्हणून टोकांवरून निकाल लागत नाही.

अशा वेळी बरेच जण शक्यता-मान काढतात. ‘अ मोठे’ याचे मान = १ − (ब चे वरचे टोक − अ चे खालचे टोक) ÷ दोन्ही रुंदींची बेरीज (रुंदी = वरचे टोक − खालचे टोक). म्हणजे १ − २१/४६, सुमारे ०.५४. उत्तर ० ते १ च्या बाहेर गेले तर जवळचे टोक घ्यावे. दोन्ही रुंदी शून्य असतील तर भागाकारच होत नाही, तिथे सरळ संख्या ताडाव्यात. या आकड्याला संभाव्यता समजू नका. दोन्ही वेळा एकसमान विखुरलेल्या आणि परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर संभाव्यता १७/३० म्हणजे ०.५७ येते. शिवाय हे मान ०.५ च्या वर जाते ते फक्त अ चा मध्यबिंदू मोठा असतो तेव्हा. क्रम लावायला मध्यबिंदूपेक्षा (इथे ६० आणि ५८) जास्त माहिती त्यात नाही.

आमची पसंती स्वीकार्य क्रमाला, म्हणजे टोकांवरून लागलेला निकाल न बदलता उरलेल्या जोड्यांचाही निकाल लावणाऱ्या क्रमाला. संशोधक बुस्तिन्से आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये मांडला. ० ते १ मधला क निवडा आणि खालचे टोक + क × रुंदी काढा. बरोबरी झाली तर वेगळा क घेऊन पुन्हा तेच करा. दोन वेगळ्या क-मूल्यांनी कोणत्याही दोन भिन्न अंतरालांचा निकाल लागतोच. उशीर परवडत नसेल तर क ०.५ च्या वर ठेवा. आपल्या उदाहरणात ४५ + ३०क = ५० + १६क, म्हणून क = ५/१४, सुमारे ०.३६. त्याखाली बायपास, त्यावर औंधमार्ग. क आधी ठरवा. उत्तर बघून ठरवलात तर हवा तो रस्ता जिंकवता येतो.

अंतरालांची टोके सदस्यत्व-मूल्ये (एखादी गोष्ट गटात किती बसते ते सांगणारे ० ते १ मधले आकडे) असतील तर संगणकात बरोबरी निसटते. क = ०.५ घेणे म्हणजे टोकांच्या बेरजा ताडणेच. [०.१, ०.५] आणि [०.२, ०.४] यांच्या टोकांची बेरीज ०.६ च आहे, पण पायथॉन दुसरी ०.६ हून किंचित जास्त दाखवतो आणि बरोबरी फोडणारी दुसरी पायरी चालतच नाही. तुलनेआधी बेरीज नऊ दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करा.

फझी संख्यांसाठी (ज्यांत प्रत्येक मूल्याला ० ते १ मधले सदस्यत्व असते) हेच प्रत्येक पातळीच्या कापावर, म्हणजे निदान तेवढे सदस्यत्व असलेल्या मूल्यांच्या अंतरालावर, करायचे. त्रिकोणी (खालचे टोक, शिखर, वरचे टोक) अ = (४५, ६०, ७५) आणि ब = (५०, ५८, ६६) घेतल्या, तर ०.५ पातळीवर काप [५२.५, ६७.५] आणि [५४, ६२] येतात, आणि निकाल फिरवणारा क ०.२१ वर उतरतो. पातळी ५/७ च्या वर गेली की ब ची दोन्ही टोके लहान होतात. तिथे क ची गरजच उरत नाही.