श्लोक सुटला की धुणं आत घ्या: माल्टात नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

माल्टात यायचं ठरलं असेल, तर 'मेला' हा शब्द ऐकायची तयारी करून या. मी इथे वृद्धाश्रमात आजी-आजोबांची काळजी घेण्याचं काम करते. पहिल्याच रात्रपाळीला आमच्या नर्सबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "मेला… मेला… मेला, ओराय्त." मी हातातला चादरींचा गठ्ठा तिथेच टाकला आणि खोल्यांकडे धावले. सगळे सुखरूप झोपले होते, एक आजोबा तर मस्त घोरत होते. माल्टी भाषेत 'मेला' म्हणजे 'बरं', 'मग', 'हो तर'. माणसं दिवसातून शंभरदा म्हणतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. व्हिडिओ कॉल चालू असताना मागून कुणी 'मेला' म्हटलं की दाभोळला माझ्या आईचा चेहरा अजूनही उतरतो.

भाषा शिकाच. इंग्रजीवर सगळं भागतं, ती इथली राजभाषाही आहे, पण म्हाताऱ्या माणसांचं मन माल्टीतच उघडतं. लिपी रोमन आणि बांधा अरबी वळणाचा, त्यामुळे आपल्याला ओळखीची माणसं भेटतात: दुनियेला 'दिन्या', किताबाला 'क्तीब'. आजी ती 'नन्ना' आणि आजोबा ते 'नन्नू'. आमच्याकडे वाडीतल्या अर्ध्या थोरांना नानाच म्हणतात, मला जड गेलं नाही. वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक्स दिसला की 'श' म्हणा, जे दिसला की 'य' म्हणा, आणि क्यू दिसला की आवंढा गिळल्यासारखं करून पुढे जा. मी राहते ते गाव पाटीवर 'कोर्मी' दिसतं, पण बसमध्ये विचारताना 'ऑर्मी' म्हणायचं.

हा 'श' कळला की वारा कळतो. आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचं इथलं नाव 'श्लोक'. खरंच, असंच म्हणतात. मार्साश्लोक नावाचं कोळ्यांचं गाव आहे, होड्यांवर डोळे रंगवलेले असतात आणि रविवारी मोठा मासळीबाजार भरतो. आपले श्लोक शुभंकरोतीनंतर म्हणायचे, इथला श्लोक सहारातली धूळ घेऊन येतो. हवा चिकट होते, आभाळ पिवळट होतं, आणि चार थेंब पडले तर गच्चीवरच्या पांढऱ्या चादरीवर चिखलाचे ठिपके उमटतात. म्हणून श्लोक असेल त्या दिवशी धुणं घालू नका, गाडी धुऊ नका, खिडक्या लावून घ्या. वायव्येचा 'मय्यिस्त्राल' वाहू लागला की मात्र गोधड्यासुद्धा काढा, दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. फक्त चिमटे दुप्पट लावा. माझी एक ओढणी शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर सापडली होती. देश सारा 316 चौरस किलोमीटरचा, वाऱ्याला अडवणार कोण?

आता थंडी. भूमध्य समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येतं, आणि बरेच जण स्वेटर न घेता येतात. जानेवारीत बाहेर बारा-तेरा अंश असतात, पण घरात त्याहून जास्त गारठा वाटतो. घरं पिवळसर चुनखडीच्या दगडाची, तो दगड ओल पितो, आणि केंद्रीय हीटिंग बहुतेक घरांत नसतं. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, पापड डब्यात मऊ पडतात, अंथरुणात शिरताना चादर ओलसर लागते. उपाय एकच: हवेतली ओल शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, पहिल्या पगारातून घ्या. माझ्या खोलीत ते रात्रीतून बादलीचा तळ झाकेल एवढं पाणी काढतं. गॅसचा हीटर स्वस्त पडतो म्हणून तोच घेऊ नका, कारण गॅस जळताना वाफ होते आणि ओल वाढते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

स्वयंपाकाचं सविस्तर सांगते, कारण नवीन आलेल्या मुली मला सगळ्यात जास्त फोन डाळीसाठी करतात. बेटावर नदी नाही. समुद्राचं पाणी गोडं करून त्यात जमिनीखालचं पाणी मिसळतात, तेच नळाला येतं. ते जड आहे. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो आणि तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही तळाशी दगडासारखी बसलेली असते. डाळ रात्रीच भिजत घाला, शिजवायला बाटलीतलं पाणी वापरा, आणि चिंच-टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच. कुकर भारतातून आणा, सोबत रबराच्या दोन जादा रिंगा आणा. प्लग मात्र इथे घ्या: 1964 पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे तीन चौकोनी पिनांचा चालतो. रस्त्यावर वाहनं डावीकडूनच जातात, तेवढी एक काळजी कमी. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा तळमजल्यावरच्या नन्ना काठी टेकत जिना चढून आल्या, काहीतरी फुटणार म्हणून. मी त्यांना वरण-भात वाढला. आता त्या खालून शिट्ट्या मोजतात आणि तीन झाल्या की वाटी घेऊन दारात उभ्या असतात.

गॅसचं सिलिंडर 12 किलोचं मिळतं. ट्रक गल्लीतून हॉर्न वाजवत जातो. पाववाल्याची गाडीही हॉर्न वाजवते. आमच्या गल्लीत तोकडा हॉर्न पावाचा आणि लांब हॉर्न गॅसचा. तुमच्या गल्लीतला कुठला, ते शेजारणीला आल्याआल्या विचारा, नाहीतर रिकामं सिलिंडर घेऊन पाववाल्यासमोर उभं राहाल. पाव मात्र चुकवू नका. ऑर्मी हे भट्ट्यांचंच गाव, जुनं नावही 'कासाल फोर्नारो'. बाहेरून कडक, आतून जाळीदार, आंबवलेल्या पिठाचा. 'फ्तीरा' या चपट्या पावाची परंपरा 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. टोमॅटो चोळून, ऑलिव्हचं तेल आणि केपर घालून खा. आमच्याकडचे एक नन्नू पावाचा तुकडाही टाकू देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या वेढ्यात ते लहान होते. 15 ऑगस्टला 'ओहायो' हे तेलवाहू जहाज मोडक्या अवस्थेत बंदरात आलं आणि बेट तगलं, हे ते सांगतात तेव्हा मी हातातलं काम थांबवते. तो दिवस 'सान्ता मारिया'चा सण, दुकानं बंद असतात. दूध आदल्या दिवशी आणा.

सणांचं आणखी एक. उन्हाळ्यात प्रत्येक गावाची 'फेस्ता' असते, आणि आमच्या गावाला दोन पॅरिश, म्हणजे दोन चर्चचे विभाग आहेत, त्यामुळे फेस्ताही दोन: जूनच्या शेवटी सान जोर्ज, जुलैत सान बास्त्यान. रस्त्यावर तोरणं, खांद्यावर संताची मूर्ती, बँड, आणि कुणाची आतषबाजी मोठी यावरून चुरस. दोन मंडळांच्या गावात वाढलेल्याला वेगळं समजवावं लागत नाही. पण बार सकाळी आठलाही उडतात. रात्रपाळी करत असाल तर फेस्ताच्या आठवड्यात दिवसपाळी मागून घ्या, महिनाभर आधी.

बस थांब्यावर नुसते उभे राहिलात तर ती निघून जाईल. हात करा, आणि चांगला उंच करा. तुमच्या नावाचं तालिन्या, म्हणजे बसचं कार्ड काढून घ्या, रहिवाशांना ऑक्टोबर 2022 पासून प्रवास फुकट आहे. गोझो बेटावर जायची मोठी फेरी पंचवीस मिनिटांची, आणि तिकीट परत येतानाच घ्यायचं. दाभोळ-धोपावे फेरीत आधी पैसे काढून उभी राहणारी मी, पहिल्यांदा चिर्केव्वाच्या, म्हणजे माल्टाकडच्या धक्क्यावर बराच वेळ खिडकी शोधत होते.

आणि गच्चीला कुलूप लावून किल्ली लांब ठेवू नका, दाराजवळच्या खिळ्याला टांगा. नन्नांना गुडघ्यांवरून वारा आमच्या सगळ्यांच्या आधी कळतो. मग खालून हाक येते, "आल्बी, श्लोक!" आल्बी म्हणजे माझं काळीज, लिहिताना त्याच्या आधी एक क्यू असतो. मी चपला न घालताच वर पळते.