पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी: तयारी

पवित्र गुरुवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा गुरुवार. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले (बायबल, योहान 13), त्याची ही आठवण. कॅथलिक मिस्सामध्ये (मुख्य उपासनेत) हा विधी प्रवचनानंतर होतो. पाय धुवून घ्यायला बाराच माणसे हवीत असा नियम नाही. 2016 पासून स्त्रियांनाही निवडता येते.

बारा जणांना साधारण चार लिटर पाणी पुरते. गडबड होते ती पाण्याच्या तापमानात. उपासनेआधी भरून ठेवलेले पाणी प्रवचन संपेपर्यंत गार पडते, म्हणून ते झाकणाच्या थर्मासमध्ये ठेवा आणि ऐनवेळी तांब्यात ओता. ओतण्यापूर्वी मनगटावर थेंब टाकून बघा, कोमटच हवे.

प्रत्येकाला वेगळा टॉवेल द्या. एकच टॉवेल तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत ओला होतो, मग पाय कोरडे होत नाहीत आणि फरशीवर घसरायला होते. परात खोल असावी, उथळ परातीतून पाणी उडते. ती रिकामी करायला बादली घेऊन एक मदतनीस मागे असू द्या.

बसणाऱ्यांना आधीच सांगा: घट्ट मोजे, लेसचे बूट नकोत. एकच पाय धुणार असाल तर कोणता तेही ठरवा. घाई मात्र करू नका, पाय पुसणे हाही विधीचाच भाग आहे.