बुडितातला खुंट आणि बोटीचं इंजिन: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

पहिलं बोटीचं इंजिन माझ्या दुकानात आलं ते छोटा हत्तीतून, गोणपाटात गुंडाळून. आउटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. सरकारी कागदावर तिला ओबीएम म्हणतात, आमच्याकडचे मासेमार नुसतं 'इंजिन' म्हणतात. तोवर मी मोटरसायकली आणि शेतातले डिझेल पंप करत होतो. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड केला होता, त्यात बोटीचा विषयही निघाला नव्हता. इंजिन घेऊन आलेले काका गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाळी टाकणारे.

"भाऊ, इंजिन तं बोंबलून राहिलं, पण डोंगा हालूनच नाही राहिला."

"कशाला ठोकलं काका?"

"मोहाचा खुंट असंल. नाही तं कोणाच्या घराची भित."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीच गप्प झालो. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, पुढे पाणी चढत गेलं आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावंच्या गावं बुडितात गेली. खुंट, विहिरींचे काठ, घरांचे पाये अजून खाली आहेत. दिवाळीला जिथून डोंगा सुखानं जातो तिथं एप्रिलमध्ये तोच खुंट पाण्याखाली वीतभरावर आलेला असतो. तुम्ही आमच्या भागात हे काम शिकणार असाल, तर तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या इंजिनांची कहाणी अशी ठोकण्यापासूनच सुरू होईल.

काकांचं इंजिन लहान होतं. अशा लहान, जुन्या इंजिनांत पंखा, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणारा प्रोपेलर, आणि त्याचा शाफ्ट यांना एकत्र बांधणारी आडवी शिअर पिन असते. पंखा अडला की पिन तुटते. इंजिन मोकळं फिरत राहतं, डोंगा जागेवर. पिन तुटलेली दिसली तेव्हा मला वाटलं, कंपनीनं फार कच्चा माल लावला. मी कडक स्टीलच्या बोल्टमधून तशीच पिन कापून बसवली आणि काकांना सांगितलं, "आता ही जन्मात तुटत नाही." पिन खरंच तुटली नाही. सव्वा महिन्यानं तेच इंजिन परत आलं तेव्हा खालच्या गिअरबॉक्समधल्या लहान गिअरचे तीन दात तेलात पडलेले होते. दुसऱ्या खुंटाचा धक्का पिनेला सोसायचा होता, तो माझ्या करामतीमुळे गिअरनं खाल्ला. गिअरचे पैसे मी भरले. मुंबईहून तो यायला बारा दिवस लागले, तेवढे दिवस काकांची जाळी वाळत पडली. पिन मऊ असते ती मुद्दाम. खिळा, सायकलचा स्पोक, ड्रिलचा तुकडा, काहीही घालू नका. मूळ मापाच्या चार पिना आणून ठेवा आणि दोन गिऱ्हाइकाच्या डब्यात टाका.

मोठ्या इंजिनांत पिनेऐवजी पंख्याच्या आत रबरी बुश दाबून बसवलेला असतो. ठोकल्यावर तो आतल्या आत घसरतो आणि नवशिक्याला इथं हमखास चकवा लागतो, कारण पंखा बाहेरून धडधाकट दिसतो. हळू चालवलं तर बोट जाते. ॲक्सिलरेटर वाढवला की इंजिन नुसतं ओरडतं, वेग वाढत नाही. मी पंख्याच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारतो आणि बोट जोरात चालवून आणायला सांगतो. परत आल्यावर रेघ तुटून दोन जागी गेली असेल तर बुश गेला. काही जण क्लच आणि कार्बोरेटर खोलून बसतात. मीही बसलो आहे.

आता मुख्य गोष्ट. खुंटाला पंखा लागतो, पण धक्का तिथं थांबत नाही. तो पंख्याच्या शाफ्टमधून गिअरला, तिथून उभ्या शाफ्टनं वर क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, आणि शेवटी त्याच्या टोकावरच्या जड चाकापर्यंत, फ्लायव्हीलपर्यंत जातो. तुम्हालाही त्याच वाटेनं खालून वर जायचं आहे. स्पार्क प्लगच्या टोप्या मात्र सगळ्यात आधी काढा. पंखा हातानं फिरवताना इंजिन सुरू झालं तर बोटं राहणार नाहीत. मग पंखा उतरवा. नट, कॉटर पिन आणि वॉशर ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडा. मागचा जाड वॉशर विसरून पंखा चढवला तर तो गिअरबॉक्सला घासतो. पंख्यामागे शाफ्टवर जाळ्याचा तंगूस गुंडाळलेला सापडेल. तो ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, कापतो, म्हणून शेवटच्या धाग्यापर्यंत ब्लेडनं सोडवून काढा.

गिअर न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हातानं हळू फिरवा आणि टोकाजवळ एक तार रोखून धरा. तार आणि टोकातलं अंतर कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट वाकला आहे. लेथवाला म्हणेल, "द्या, सरळ करून देतो." देऊ नका. हातोडीनं 'सरळ' केलेला शाफ्ट डोळ्याला सरळ दिसतो, पण फिरताना थोडा जरी उडाला तरी सील झिजवतो आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. शाफ्ट नवाच घालायचा.

पाणी शिरलं आहे का, हे तेल सांगतं. खालचा स्क्रू काढा, मग वरचा. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी आत गेलं आहे. बोटांच्या चिमटीत चोळून पाहा. चमचम करणारी बारीक पूड लागणं एक वेळ चालतं, टोचणारा कण लागला तर गिअरबॉक्स खोलायचाच. नवं तेल नेहमी खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. आमच्याकडच्या लहान इंजिनांना एसएई ९० हायपॉइड चालतं, तरी आधी त्या इंजिनाचं पुस्तक पाहा. स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे. सील बदलले असतील तर तेल भरण्याआधी हातपंपानं दहा पीएसआयच्या आसपास हवा भरून गिअरबॉक्स टाकीत बुडवा आणि बुडबुडे पाहा, पंक्चर पाहतो तसे.

पंख्याखाली ॲल्युमिनियमचं पातं असतं, ते स्केग. ते तुटलं तर गिऱ्हाईक फार घाबरतं. खरं तर हे सोपं काम. आर्गन वेल्डिंगनं नवा तुकडा जोडता येतो, फक्त उष्णतेनं सील जळू नयेत म्हणून आधी ते काढून गिअरबॉक्स रिकामा करायला हवा.

आता सगळ्यात वरचं ठिकाण. इंजिन जोरात असताना पंखा एकदम अडला तर कधी कधी फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यामधली छोटी अर्धचंद्राकृती चावी कापली जाते. मग टायमिंग बिघडतं: इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, दोरी ओढली की हाताला उलटा झटका मारतं. पेट्रोल आणि प्लग तपासण्यात माझा अख्खा दिवस गेला होता. फ्लायव्हील पुलरनंच काढा. क्रँकच्या टोकावर हातोडी मारली तर पुढचं काम तुमच्याच खर्चानं.

ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला मोठा पूर आला. तेव्हा एका बचाव पथकाच्या बोटीचं इंजिन माझ्याकडे आलं. पुरात बोट नदीतून जात नाही, ती शेतावरून, रस्त्यावरून, अंगणातून जाते. पंख्यात कुंपणाची काटेरी तार तीन वेढे बसली होती. तार कापायला मला दोन तास लागले, पण तुटलेलं वेगळंच होतं: फळीला इंजिन धरणारा एक क्लॅम्प. चालवणाऱ्यानं तार अडकल्यावर रिव्हर्स टाकून जोर दिला होता. पुढे जाताना काही लागलं तर इंजिन वर उचललं जाऊ शकतं, रिव्हर्समध्ये मात्र लॉक त्याला खाली धरून ठेवतो. उथळ पाण्यात इंजिन वर उचललं जाऊ नये म्हणून काही जण ते दोरीनं बांधूनच टाकतात. अशी दोरी दिसली की मी आधी ती सोडतो, मग बोलतो.

दुरुस्ती झाल्यावर इंजिन कोरडं चालवून दाखवायचा मोह होतो. टाळा. इंजिन थंड करणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, पाण्याशिवाय पाहता पाहता जळतो. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, पाणी शिरायच्या जाळ्या बुडतील इतकं भरा, आणि मागच्या छोट्या भोकातून धार नीट येते का पाहा. आमच्या पाण्यात गाळ असतो, त्यामुळे धार बारीक झालेली असतेच.

पैशाचं सांगायचं तर नुसत्या बोटींवर आमच्या भागात घर चालत नाही. माझं दुकान आजही मोटरसायकलींवर उभं आहे. काम येतं ते मेच्या शेवटी, पावसाळ्याआधी बोटी तपासून घेतात तेव्हा, आणि नंतर पूर आला तर. अवजारं थोडी लागतात: पुलर, टॉर्क पाना, हातपंप, ड्रम. जागेवर जाऊन काम केलं तर येण्याजाण्याचे पैसे आधी ठरवा. नदीकाठी उन्हात चार तास गेल्यावर कोणाशी घासाघीस करायची ताकद राहत नाही.

ते काका अजून येतात. मे महिन्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या खुंटांना ते रिकाम्या बाटल्या बांधून ठेवतात, पाणी चढल्यावर त्या तरंगाव्या म्हणून. गेल्या वर्षी त्यांनी चौदा खुंट बांधले. "पंधरावा?" मी पंखा उतरवत विचारलं. काका म्हणाले, "तो आपल्याच वाडीतला होता भाऊ. तोच ध्यानात नाही राहिला."