रोमन मृत्युपत्रात मुलाला वगळणं: हा धडा कसा अभ्यासावा

एलएलएमला रोमन कायदा घेणारे बरेचजण वारसाहक्काच्या धड्यापाशी अडतात. मी त्यांना आधी एवढंच सांगतो, की आपल्याकडचं मृत्युपत्र थोडे दिवस डोक्यातून बाजूला ठेवा. आपल्याकडे हिंदू माणूस स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देऊ शकतो, मुलाचा उल्लेखही न करता. रोमन बापाची घरातली सत्ता याहून कितीतरी मोठी होती, पण मृत्युपत्रात मुलाबद्दल गप्प बसायची मुभा मात्र त्याला नव्हती. मुलाला वारस तरी नेमायचं, नाहीतर नाव घेऊन बेदखल करायचं. ‘माझा मुलगा तितियस वारस नसावा’ एवढं वाक्य पुरे. कारण द्यायची सक्ती नाही. दोन्ही केलं नाही तर सगळं मृत्युपत्रच रद्द, आणि बाप मृत्युपत्र न करता गेला असं धरून वाटणी.

यामागचा विचार रोमन कायदेपंडित गायसने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितला आहे: बापाच्या सत्तेखालची मुलं बाप जिवंत असतानाही एका अर्थी मालकच समजली जातात. मिताक्षरा (वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा जन्मापासूनच हक्क मानणारी हिंदू कायद्याची शाखा) शिकलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल, पण साम्य फार ताणू नका. रोमन मुलाला बापाच्या हयातीत वाटणी मागता येत नव्हती, आणि वर दिलेलं एक वाक्य त्याचा हक्क पुसून टाकत होतं.

लॅटिन येत नाही म्हणून घाबरू नका. गायसच्या दुसऱ्या पुस्तकातले 123 ते 137 हे परिच्छेद भाषांतरात नीट वाचले तरी अर्धं काम होतं. (हा ग्रंथ 1816 मध्ये वेरोनात सापडला, संत जेरोमच्या पत्रांखाली खरवडून पुसलेला. आज आपण जे शिकतो त्यातलं बरंचसं त्या पानांमुळे कळलं.) सोबत सिसेरोने सांगितलेला सैनिकाचा खटला वाचा. मुलगा लढाईत मेला अशी खोटी बातमी घरी येते, बाप मृत्युपत्र बदलून दुसऱ्याला वारस नेमतो आणि मरतो. मग मुलगा परत येतो. बापाच्या मनात त्याला डावलायचं नव्हतं, पण मृत्युपत्रात त्याचं नावच नाही. वाद सेंतुमविरी न्यायालयात, म्हणजे वारशाचे खटले चालवणाऱ्या रोमन न्यायालयात गेला. व्हॅलेरियस मॅक्सिमसच्या सांगण्याप्रमाणे सैनिक जिंकला. मुलगा खरोखरच बापाआधी वारला असेल तर काय, यावर मात्र रोमन कायदेपंडितांच्या दोन पंथांचं भांडण होतं. साबिनियन म्हणत, मृत्युपत्र मुळातच फुकट. प्रोक्युलियन म्हणत, बापाच्या मृत्यूवेळी अडथळा उरला नसेल तर ते टिकतं. मला दुसरं मत पटतं. गायस पहिल्या पंथाचा होता, तेव्हा त्याचं मांडणं त्या बेताने वाचा.

परीक्षेत खरी मेख मुलींची असते. मुलगी किंवा नातवंडं यांना नाव न घेता, ‘बाकीचे सर्व बेदखल’ या एका सरसकट वाक्याने बाजूला करता येई. तेही लिहिलं नसेल तर मृत्युपत्र रद्द होत नाही. मुलगी आत शिरून वाटा घेते. वारस घरचे, म्हणजे बापाच्या सत्तेखालचे असतील तर त्यांच्या बरोबरीचा वाटा, परके असतील तर निम्मा. दोन मुलगे वारस आणि मुलगी राहिली, तर तिघांना एकेक तृतीयांश. दोन परके वारस, तर तिला निम्मं आणि त्यांना एकेक चतुर्थांश. आता एक मुलगा आणि एक परका, दोघांना निम्मं-निम्मं दिलेलं असेल तर? मुलग्याच्या निम्म्यात ती बरोबरीची, म्हणजे एक चतुर्थांश. परक्याच्या निम्म्यातलं निम्मं, म्हणजे आणखी एक चतुर्थांश. तिच्या हाती एकूण निम्मी मिळकत येते आणि वारस नेमलेल्या भावाला चतुर्थांशच मिळतो! हे गणित एकदा कागदावर स्वतः मांडाच. पुढे प्रेटरने (न्यायदानाचं काम पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने) मुलींना परक्यांविरुद्ध सगळ्या मिळकतीचा ताबा द्यायला सुरुवात केली, तेव्हा सम्राट अंतोनिनसने त्यांना पुन्हा या गणिताएवढ्यावरच आणून ठेवलं. सत्तेतून मुक्त केलेल्या मुलांनाही प्रेटरनेच दार उघडून दिलं. जुन्या कायद्यात त्यांना काहीच नव्हतं.

इथवरचा सगळा प्रश्न शब्दांचा आहे: लिहिलं की नाही, कसं लिहिलं. नाव घेऊन रीतसर बेदखल केलेल्या मुलाची तक्रार वेगळी. त्याने ‘क्वेरेला’ आणायची, म्हणजे हे मृत्युपत्र बापाच्या कर्तव्याला धरून नाही असा दावा. वकील म्हणत, असं करणारा शुद्धीवर नसणार. तो नुसता युक्तिवादाचा रंग होता; बाप खरंच वेडा असता तर मृत्युपत्र मुळातच झालं नसतं. मृत्युपत्र न करता बाप गेला असता तर जेवढं मिळालं असतं, त्याचा चौथा हिस्सा मुलाला मिळाला असेल तर दावा चालत नाही. तीन भावंडं, मिळकत 1,20,000 सेस्तर्स (रोमन नाणी). प्रत्येकाचे 40,000, म्हणून 10,000 दिले की बापाने वाट बंद केली. उत्तर लिहिताना हे दोन मार्ग एकत्र केले की गाडी रुळावरून उतरते. आधी शब्द तपासा. तिथे मृत्युपत्र टिकलं तरच क्वेरेलाकडे वळा.

क्वेरेलाची चव घ्यायची तर रोमन वकील धाकट्या प्लिनीचं अत्तिया विरिओला या बेदखल मुलीच्या खटल्याबद्दलचं पत्र वाचा. 80 वर्षांच्या बापाने प्रेमात पडून सावत्र आई घरात आणली आणि 11 दिवसांत मुलीला बेदखल केलं. सेंतुमविरी न्यायालयाची चार मंडळं एकत्र बसली, 180 न्यायाधीश, वरच्या सज्ज्यातूनही बायका-पुरुष वाकून ऐकताहेत. निकाल फुटला: दोन मंडळांत जिंकली, दोन मंडळांत हरली. सावत्र आईच्या हाती मात्र काहीच लागलं नाही.

प्रश्नात मृत्युपत्र आईचं असेल तर सावध व्हा. आईला मुलांवर ती सत्ताच नव्हती, त्यामुळे तिचं मौन म्हणजेच बेदखल करणं. मृत्युपत्र टिकतं आणि मुलांना फक्त क्वेरेला उरते.

मग प्रश्नातलं साल बघा. 531 मध्ये सम्राट जस्टिनियनने मुलगा-मुलगी भेद काढून सगळ्यांना नाव घेऊनच बेदखल करायला लावलं. 542 च्या 115 व्या नोव्हेलमध्ये (म्हणजे त्याच्या नव्या कायद्यात) 14 कारणांची यादी आली आणि त्यातलं कारण लिहिणं भाग झालं. आईबापावर हात उगारणं, शत्रूच्या कैदेतून त्यांना न सोडवणं हे त्यात आहेच. शिवाय त्यांच्या मनाविरुद्ध नटांच्या किंवा रिंगणातल्या लढवय्यांच्या टोळीत जाणं हेही आहे. आईबाप त्याच धंद्यातले असतील तर हे कारण चालत नाही.

गोव्यात वकिली करणार असाल तर हा भाग जास्त लक्ष देऊन वाचा. 1867 च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला आणि 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात राहिलेला नियम याच घराण्यातला आहे: मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव, आणि त्यांना त्यातून काढायचं तर कायद्याने सांगितलेलं कारण लागतं. इन्व्हेंटरीच्या (मृताच्या मिळकतीची यादी करून वाटणी करण्याच्या) कामात पक्षकार ‘वडिलांनी सगळं धाकट्याच्या नावे केलंय’ म्हणत येतो, तेव्हा मृत्युपत्र मागण्याआधी मुलं एकूण किती आहेत ते विचारा.