स्पेशालिस्टची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली तर

अमेरिकेत तारीख कितीही लांबची मिळाली तरी आधी ती घेऊन टाका. मग त्याच फोनवर ‘कॅन्सलेशन लिस्ट’वर, म्हणजे कुणी तारीख रद्द केली तर ती मिळणाऱ्यांच्या यादीत, नाव घालायला सांगा. मायचार्ट (डॉक्टरांच्या तारखा आणि रिपोर्ट बघायचं ॲप) असेल तर तिथे वेटलिस्टची सोय आहे का बघा. जागा रिकामी झाल्याचा मेसेज आला की लगेच होकार द्यायचा. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यासाठी सकाळी पावणेआठला मेसेज आला, मी चहा ठेवून परत येईपर्यंत जागा गेली होती. फार वाईट वाटलं.

एचएमओ प्लॅन (ठरावीक डॉक्टरांकडेच जाता येणारा आरोग्य विमा) असेल तर खरा घोळ रेफरलमध्ये, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी स्पेशालिस्टकडे पाठवायच्या शिफारशीत असतो. ‘पाठवलंय’ म्हणजे पोचलंय असं नाही. अजूनही बरेच कागद फॅक्सने जातात. दोन-तीन दिवसांनी स्पेशालिस्टकडे स्वतः फोन करून विचारा: रेफरल मिळालं का, विम्याची मंजुरी आली का? बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. त्रास वाढला तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रेफरल ‘अर्जंट’ करायला सांगा, संकोच करू नका.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना एक हक्क आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. एचएमओला तातडीची नसलेली स्पेशालिस्ट भेटही कामकाजाच्या १५ दिवसांत द्यावी लागते. थांबल्याने अपाय नाही असं डॉक्टरांनी नोंदवलं तरच मुदत वाढते. विम्याच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करून ‘टाइमली ॲक्सेस’ (वेळेत भेट मिळणं) हेच शब्द वापरा. तरीही दाद मिळाली नाही तर राज्याच्या मॅनेज्ड हेल्थ केअर विभागाच्या हेल्प सेंटरकडे तक्रार करता येते, फुकट.