धीर द्यायला गेलात आणि घोळ करून आलात? या चुका टाळा

परळ स्टेशनबाहेर टॅक्सीत बसल्यावर मुलगा दबक्या आवाजात ‘टाटा’ म्हणतो. शेजारी बसलेल्या आईला पंधरा दिवस सांगून ठेवलेलं असतं, साधी गाठ आहे, मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ. टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय १९४१ पासून परळला उभं आहे. तिथे कशासाठी जातात हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आई खिडकीबाहेर बघत बसते. मुलाला वाटतं, चला, कळलं नाही.

आजार लपवणं ही सगळ्यांत जुनी चूक आणि सगळ्यांत चिवट. कितीही समजावा, पुढच्या सोमवारी रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे नवं कुटुंब तेच घेऊन येतं: ‘आमच्या आईला सांगू नका, ती सहन नाही करू शकणार.’

लालबागच्या एका घरात फाईलवरच्या ‘सीए’चा, म्हणजे कार्सिनोमाचा (कॅन्सरचा), अर्थ कॅल्शियम असा सांगितला होता. हाडांतलं कॅल्शियम कमी झालंय, त्याची सलाईन लावतात. संमतीपत्रावर सहीसुद्धा मुलाने ठोकली. शुद्धीवर असलेल्या, समजत्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच लागते, हे तिथे कोणी अडवून सांगितलं नाही. दोन केमो झाल्या, केस गेले. तिसऱ्या वेळी आजींनी सिस्टरला विचारलं, ‘कॅल्शियमने केस का गं जातात?’ सिस्टरने मुलाकडे बघितलं, मुलाने फरशीकडे. समुपदेशकाने मुलाला औषधं आणायला खाली पाठवलं, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, ‘आजी, तुम्हाला काय वाटतं, काय असेल हे?’

‘माझ्या जावेला होतं तेच. पण त्याला सांगू नका हं, मला माहितीये ते. हळवा आहे तो.’

दोन महिने एकाच खोलीत झोपून दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते. त्यात आजींचं विचारायचं राहून गेलं ते वेगळंच: गावच्या घराच्या कागदावर कोणाचं नाव, धाकटीच्या बाळंतपणाचं कोण बघणार, आणि पुढे दुखणं किती वाढणार.

यावर काम करायचं ते आधी घरच्यांवर. ‘तुम्ही चुकताय’ म्हणून सुरुवात केलीत तर दार बंद. ‘सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?’ हे विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. मग एक स्पष्ट करार करा: मी आपणहून काही बोलणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. रुग्णाशी बोलताना प्रश्न याच क्रमाने: डॉक्टरांनी काय सांगितलं? तुम्हाला स्वतःला काय वाटतं? अजून जाणून घ्यायचंय, की घरच्यांशी बोलू? प्रत्येक प्रश्नानंतर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. नवशिक्यांना तिसऱ्या आकड्यालाच घाम फुटतो आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ‘मला नको सांगू बाबा, मुलाशी बोल’ असं उत्तर आलं तर तोही रुग्णाचा निर्णय आहे. तो केसपेपरवर लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारा, कारण माणसं मत बदलतात.

दुसरी चूक पाहुण्यांची. ‘पॉझिटिव्ह राहा.’ सोबत शहाळं आणि ‘आमच्या साडूंनाही होतं, आता ठणठणीत आहेत.’ हे ऐकलेला माणूस पुढचा स्कॅन बिघडला की काय समजतो? आपणच विचार करण्यात कमी पडलो. गाठ वाढते ती पेशींमुळे, रडल्यामुळे वाढत नाही, हे कोणीतरी त्याला ठणकावून सांगायला हवं. शिवाय एकदा ‘खंबीर’ असं बिरुद चिकटलं की त्याला घरात रडायची सोय उरत नाही. त्यापेक्षा ‘आज कसं वाटतंय?’ विचारा. ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा. नुसत्या ‘कसं काय’ला उत्तर एकच येतं, ‘बरंय’. आणि ‘काही लागलं तर सांगा’ हे म्हणूच नका, कोणी सांगत नाही. ‘मंगळवारच्या डायलिसिसला मी सोडतो, मीच घेऊन येतो’ हे बोला, आणि बोललात तर मंगळवारी हजर राहा.

तिसरी चूक घरचे करतात तशी जाणतेही करतात, आणि ती महागात पडते: औषधाचा किंवा शरीराचा दोष मनाच्या खात्यावर टाकणं. वयस्कर रुग्ण दोन दिवसांत एकदम शांत झाला, जेवत नाही, दिवसा झोपतो, रात्री चुळबुळतो. ‘डिप्रेशन आलंय, समुपदेशन द्या’ असा निरोप येतो. बसण्याआधी त्याला रविवारपासून उलटे वार सांगायला लावा. शुक्रवारपर्यंत येऊन भरकटला, मध्येच डोळे मिटले, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. हा बहुतेक वेळा डिलिरियम असतो, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. कारण संसर्ग, उतरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ किंवा नव्याने वाढवलेलं मॉर्फिन असू शकतं. त्याला धीर देत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

स्टेरॉइडचंही तसंच. केमोसोबत डेक्सामेथासोन दिलं की एक-दोन दिवस माणूस रात्री दोन वाजता कपाट आवरतो, आणि गोळ्या थांबल्या की धाडकन खाली येतो. कालनिर्णयवर केमोच्या तारखेपुढे रोज एक शब्द लिहायला सांगा: झोप, चिडचिड, रडू. तीन फेऱ्यांत नकाशा समोर येतो. गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत सायक्लोसेरीन चालू असेल आणि माणूस संशयी झाला, भास होऊ लागले किंवा जीव द्यायचं बोलू लागला, तर तो त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांसमोर हवा. मधुमेह्याला घाम सुटला, हात थरथरले, जीव घाबरा झाला, तर ‘पॅनिक’ म्हणण्याआधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

प्रश्नावलीवर आंधळा भरवसाही नको. नैराश्य मोजायच्या पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, एकूण २७ गुण, १० किंवा त्यापुढे लक्ष द्यायचं, हे सगळे पाठ करून येतात. पण थकवा, झोप, भूक, एकाग्रता हे गुण केमोवाल्याला आजारच देतो. म्हणून गोडी गेली आहे का, आपण घरच्यांना ओझं झालोय असं वाटतं का, ते बघा. नातवाचा व्हिडिओ कॉल आल्यावर चेहरा क्षणभर तरी उजळतो का? दुःखी माणसाचा बहुधा उजळतो. दोन आठवडे काहीच हलत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तो पुटपुटत ओलांडायचा नाही. सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, इन्सुलिन आणि गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात द्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

श्वासाचा एकच व्यायाम सगळ्यांना देऊ नका. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) माणसाला ‘श्वास रोखून धरा’ सांगितलंत तर तो आणखी घाबरेल. नाकाने दोन मोजत आत, ओठांचा चंबू करून चार मोजत बाहेर, बस.

नैराश्याची गोळी चार दिवसांत ‘लागू पडली नाही’ म्हणून सोडायची नाही. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईने नैराश्याची गोळी लिहून देणाऱ्याला ते आधी सांगावं, कारण पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या नैराश्याच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात. शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

एका भेटीत ‘नॉर्मल करून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी आमच्याकडे काही नाही.

फोनवरच्या समुपदेशनात मुंबईची म्हणून एक खास चूक होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, आणि समुपदेशक विचारतो, ‘घरच्यांचं वागणं कसं आहे?’ उत्तर येतं, ‘चांगलं आहे.’ फोन लावल्यावर पहिला प्रश्न हा ठेवा: ‘आत्ता शेजारी कोणी आहे का?’ असेल तर फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, नाहीतर वेळ बदला. दुपारी अडीच ते चार, पोरं शाळेत आणि टीव्ही बंद, ही वेळ बऱ्याच चाळींत चालते. चालता येत असेल तर गॅलरीच्या टोकाला किंवा खाली मंदिराच्या कट्ट्यावर. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र घरी पोचल्यावर लगेच फोन करू नका, चार तास मशीनवर काढून तो गळालेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी करा.